परड्यात उभी असलेली जुनी टाटा ४०७ चालू करून घेताय? आधी इंजिनच्या डिझेल पंपाचे फोटो काढा

ज्यांच्या परड्यात जुनी ४०७ (टाटाचा छोटा ट्रक) वर्षानुवर्षं उभी आहे आणि यंदा आंब्याच्या सीझनला बाहेर काढायचा विचार आहे त्यांनी हे वाचा, बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आमची गाडी बाबांची, एमएच ०७ पासिंग, देवगडहून वाशीला आंबा न्यायची. बाबा गेले आणि ती माडाखाली उभी राहिली ती राहिलीच. खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला पण इंजिन शेवटपर्यंत चांगलं चाललेलं होतं. विकायचा विचार होता म्हणून भाच्याने बॉनेट उघडून सगळे फोटो काढून ठेवले होते, तेच पुढे कामाला आले.

हायवेवरचा एक मेकॅनिक आला, बोलायला एकदम गोड. दुसरी बॅटरी लावून सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला, टक् करून थांबला. लगेच निकाल, दादा इंजिन जाम आहे, हेड (इंजिनचं वरचं झाकण) खोलून पिस्टनच्या रिंगा टाकाव्या लागतील, डिझेल आत सुकून गोंद झालाय म्हणून पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) कोल्हापूरला कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून सेट करायला, पाठवतो. वीस हजार ॲडव्हान्स घेतला आणि पंप, नोझल, सेल्फ सगळं पोत्यात भरून घेऊन गेला. नंतर एकूण ५८ हजार झाले, बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. हेडचं काम त्याने आम्ही लग्नाला गावाबाहेर होतो तेव्हाच "उरकलं".

गाडी चालू झाली हे खरं. पण काळा धूर, आणि रिकामी गाडी साध्या चढाला दम टाकायची. शेजारचे काका, जुने ड्रायव्हर, त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "झिला, हो पंप तुझ्या गाडयेचो नाय." पंपावर कंपनीची नंबरची पट्टी असते ती गायब, नुसती रिव्हेटची भोकं, गव्हर्नरचं (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाचं) शिशाचं सीलही नाही. भाच्याच्या फोटोत दोन्ही स्पष्ट दिसतायत. म्हणजे आमचा चांगला पंप गेला आणि कोणाचा तरी घासलेला पंप धुऊन चकाचक करून आमच्या गळ्यात मारला.

मग काकांनी हेडचे बोल्ट दाखवले. एकाही बोल्टवर पाना चढलेला नव्हता, कोपऱ्यांवर जुना गंज जसाच्या तसा, पाना लागला असता तर पापुद्रे उडाले असते. हेड उघडलंच नाही तर रिंगा गेल्या कुठून आत? बहुतेक सेल्फच गंजून अडकला होता. काका म्हणाले अशी गाडी असली तर आधी नोझल काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल-डिझेल सोडून तसंच ठेवायचं आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवायचं, फिरलं तर इंजिन जाम नाही. आणि सेल्फ मारायच्या आधी ते ऑइल नोझलच्या भोकातून बाहेर पडू द्यायचं, नाहीतर दाबाने कनेक्टिंग रॉड वाकतो. याला खर्च काय, तर डबाभर ऑइल.

मेकॅनिकला फोटो दाखवले तर म्हणे धुताना पट्टी पडली असेल. वा! पट्टी पडली म्हणजे सीलपण धुतलं गेलं का? कोल्हापूरच्या ज्या दुकानाचं नाव त्याने सांगितलं होतं तिथे मी फोन केला, तर त्यांच्याकडे आमच्या पंपाची एंट्रीच नाही. हा फोन पंप गाडीतून उतरायच्या आधीच करा. आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट, फुटका असला तरी, परत मागा, रिंगा बदलल्या म्हणतो तर जुन्या रिंगा दाखव म्हणायचं.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, पण पक्कं बिल नसल्याने ते वहीचं पान आणि फोटो एवढाच पुरावा आहे. गावातल्या चार जणांना घेऊन गेलो तेव्हा १५ हजार परत दिले, पंप मात्र "शोधतो" म्हणतोय. सध्या आम्ही दुसरा जुना पंप स्वतः उभं राहून बसवून घेतलाय, त्याच्या पट्टीचा फोटो काढूनच पैसे दिले. आता आरटीओच्या फिटनेस तपासणीला न्यायची आहे, ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) अजून चिकटलेलेच आहेत, त्यासाठी कणकवली बाजूला कोणी खात्रीचा माणूस माहीत असेल तर सांगा.