ऑनलाइन शाळा खरंच स्वस्त पडते का? खासगी शाळेशेजारी ठेवून मांडलेला हिशेब

शाळेकडून फीवाढीचं पत्र आलं की पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी ऑनलाइन शाळेची जाहिरात टाकतंच. वर्षाला अमुक हजार, घरबसल्या, वर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. मग वाद रंगतो, पण तो फक्त फीच्या आकड्यांवर. बस, शिकवणी, लॅपटॉप, घरी थांबणारं माणूस यांचा कोणी उल्लेखही करत नाही.

म्हणून पुण्या-नाशिकसारख्या शहरातलं सहावीतलं एक मूल धरू आणि पूर्ण वर्षाचा खर्च मांडू. एका बाजूला मध्यम फीची विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा, दुसऱ्या बाजूला शिक्षक रोज थेट तासिका घेतात अशी ऑनलाइन शाळा. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. आपापल्या पावत्या काढून ते बदला, बेरीज अशीच करायची आहे.

| बाब (वर्षाचे रुपये) | खासगी शाळा | ऑनलाइन शाळा |
|---|---|---|
| फी | ८०,००० | ५०,००० |
| जीएसटी | नाही | ९,००० |
| बस किंवा व्हॅन | २४,००० | नाही |
| वह्या-पुस्तकं, गणवेश, छपाई | १२,००० | ७,००० |
| सहल, गॅदरिंग, किरकोळ | ६,००० | नाही |
| शिकवणी | १८,००० | नाही |
| लॅपटॉप (४०,००० चा, चार वर्षं चालेल असं धरून) | नाही | १०,००० |
| नेट आणि वीज, जादाची | नाही | ८,००० |
| खेळ, छंदवर्ग | नाही | २४,००० |
| एकूण | १,४०,००० | १,०८,००० |

फीत तीस हजारांचा फरक होता, सगळं धरल्यावर तो बत्तीस हजार झाला. म्हणजे ऑनलाइन शाळा स्वस्तच आहे की! पण या तक्त्यात एक ओळ मुद्दाम घातलेली नाही. तिच्याकडे नंतर येतो, कारण सगळा निकाल तिच्यावरच आहे.

आधी जीएसटीचं. मान्यताप्राप्त शाळेच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. कोचिंग आणि ऑनलाइन कोर्स यांच्यावर १८ टक्के लागतो. तुमची 'ऑनलाइन शाळा' कायद्याच्या नजरेत शाळा आहे की कोर्स विकणारी कंपनी, हे माहितीपत्रकातून कळत नाही, बिलावरून कळतं. म्हणून पैसे भरण्याआधी नमुना बिल मागून घ्या. बिलात १८ टक्के असतील तर एका फटक्यात दोन गोष्टी समजल्या: फी सांगितली त्यापेक्षा जास्त आहे, आणि मान्यतेचा प्रश्न उभा आहे. जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या मर्यादेत दोन मुलांच्या ट्यूशन फीवर वजावट मिळते, पण ती भारतातल्या शैक्षणिक संस्थेतल्या पूर्णवेळ शिक्षणासाठी. कोर्सच्या बिलावर ती मागायला जाऊ नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर हा मुद्दाच उरत नाही.

मान्यता इतकी अडचणीची का, याचं उत्तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत आहे. पहिली ते आठवीच्या शाळेला मान्यता हवी असेल तर काय काय लागतं याची यादी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली आहे: इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, ग्रंथालय. नुसत्या ऑनलाइन शाळेकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे खासगी शाळेत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखीव असतात, तसा प्रकार इथे नाही. तुमचं घर त्या २५ टक्क्यांत बसत असेल आणि मूल पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशाचं असेल तर ही तुलना इथेच थांबवा आणि आरटीईच्या सोडतीचा अर्ज भरा.

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाची दहावी मग कशी होते? रस्ते तीन. केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून. पाच विषयांची नोंदणी आणि परीक्षा मिळून खर्च काही हजारांत भागतो. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म. हाही रस्ता स्वस्त. तिसरा रस्ता केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाचा. तिथे खासगी विद्यार्थ्याला एकेका विषयाची परीक्षा फी सहज दहा हजारांच्या घरात जाते आणि विषय किमान पाच लागतात. जाहिरातीतल्या 'आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमा'च्या किमतीत ही परीक्षा फी धरलेली आहे का, हे स्पष्ट विचारा. बहुतेकदा ती वेगळी भरावी लागते.

काहीजण चौथा रस्ताही सुचवतात: नाव एखाद्या सीबीएसई शाळेच्या पटावर, शिक्षण ऑनलाइन. त्या वाटेला जाऊ नका. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते आणि अशा डमी शाळांवर मंडळाने अलीकडे कारवाईचा धडाकाच लावला आहे. शाळेची संलग्नता गेली तर भरलेली फी परत मागायला कुठे जाणार?

खासगी शाळेच्या रकान्यातही एक गोम आहे. तक्ता एका वर्षाचा, शाळा दहा वर्षांची. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. फी ठरवताना शाळेला ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, आणि एकदा ठरलेली फी साधारण दोन वर्षं टिकते. वाढ दर दोन वर्षांनी १५ टक्के धरा. पहिलीला ६०,००० असलेली फी नववीला १,०५,००० च्या जवळ पोचते आणि दहा वर्षांची बेरीज सहा लाख न होता आठ लाखांच्या वर जाते. शिवाय हा कायदा पालकांना वाटतो तितका धारदार नाही. दुरुस्तीनंतर फीवाढीविरुद्ध दाद मागायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. पालकसभेला पंचवीस टक्के पालक जमवणं किती सोपं आहे ते पालकसभेला जाणाऱ्यांना विचारा.

तरीही समिती आहे, कायदा आहे, तक्रार नेता येईल असं कार्यालय आहे. ऑनलाइन कंपनीने पुढच्या वर्षी फी तीस टक्क्यांनी वाढवली तर तुमच्या हातात राहतं ते ग्राहक मंच आणि रद्द करण्याचं बटण. आणि कंपनीच गडगडली तर? बायजूज ही शाळा नव्हती, शिकवणी देणारी कंपनी होती. पण देशभर नाव असलेल्या त्या कंपनीवरही २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालीच. म्हणून संपूर्ण वर्षाची फी एकरकमी भरली की मिळणाऱ्या सवलतीचा मोह टाळा. 'हप्त्यात भरा' म्हणतात तेव्हा हप्ता शाळेचा आहे की एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा, ते कागदावर बघा. कर्जाचा असेल तर मुलाने शाळा सोडली तरी हप्ता सुटत नाही.

आता ऑनलाइन शाळा स्वस्त कशामुळे होते ते पाहू. 'इमारत नाही, म्हणून' हे नेहमीचं उत्तर, आणि ते अर्धवट आहे. कोविडच्या काळात शाळा बंद असताना फीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. राजस्थानातल्या त्या प्रकरणात मे २०२१ मध्ये न्यायालयाने वीज, पाणी, डिझेल, देखभाल, स्टेशनरी अशा वाचलेल्या खर्चापोटी वार्षिक फीत १५ टक्के कपात करायला सांगितली. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारनेही १५ टक्के कपातीचा आदेश काढला. म्हणजे वर्ग बंद ठेवून वाचतं ते फार तर एवढं. जागेचं भाडं किंवा बांधकामाचं कर्ज यांची बचत त्यात येत नाही हे खरं, पण फीचा मोठा वाटा शिक्षकांच्या पगारात जातो. एखादी ऑनलाइन शाळा निम्म्या किंवा पाव किमतीत मिळत असेल तर कात्री बहुतेक शिक्षकांनाच लागलेली असते: एका तासिकेला शंभर मुलं, नाहीतर थेट तासिका कमी आणि रेकॉर्ड केलेले व्हिडिओ जास्त.

हे तपासायला एक साधा भागाकार पुरतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवं. खासगी शाळेची ८०,००० फी भागिले १,००० म्हणजे तासाला ८० रुपये. आपल्या ऑनलाइन शाळेत रोज अडीच तास, दोनशे दिवस थेट तासिका होतात असं धरलं तर ५०० तास. जीएसटीसह ५९,००० भागिले ५०० म्हणजे तासाला ११८ रुपये. शिक्षकाच्या तासाच्या भावाने बघितलं तर ऑनलाइन शाळा महागच निघाली. वर्गात पंधराच मुलं असतील आणि तुमच्या मुलाला खरोखर बोलायला मिळत असेल तर तो भाव योग्यही असेल. पण 'वर्गात मुलं किती, थेट तास किती' या प्रश्नाला सरळ उत्तर येत नसेल तर पुढे बोलणं वाढवू नका.

आणि आता तक्त्यात न घातलेली ओळ. रोज अडीच तास तासिका, मग उरलेले चार-पाच तास मुलाशेजारी कोण बसणार? शाळेची फी भरताना आपण शिकवण्याइतकेच सांभाळण्याचेही पैसे भरत असतो, फक्त पावतीवर तसं लिहिलेलं नसतं. सहावीतलं मूल लॅपटॉपपुढे एकटं सोडलं तर दुसऱ्या टॅबवर काय चालतं ते सांगायला नको. कोणीतरी मोठं माणूस घरात हवं, आणि नुसतं घरात असून भागत नाही, लक्ष हवं. आपल्याकडे ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा आई, हेही आडपडदा न ठेवता म्हणायला हवं. महिना २५,००० ची नोकरी तिने सोडली तर वर्षाचे तीन लाख गेले. अर्धवेळ काम घेतलं आणि महिन्याला दहाच हजार कमी झाले तरी १,२०,००० गेले. वर वाचलेले बत्तीस हजार त्यात कुठे दिसतही नाहीत. नातवंडांना घेऊन बसणारे, इंग्रजी वाचता येणारे आजी-आजोबा घरात असतील तर हिशेब पूर्ण पालटतो. वन बीएचकेत दोन मुलं असतील तर पुन्हा उलटा पालटतो, कारण दोन लॅपटॉप आणि दोन शांत कोपरे लागतात.

म्हणून माझं मत असं: आई-वडील दोघेही नोकरीला बाहेर असतील तर ऑनलाइन शाळा स्वस्त नाही, फी शून्य असली तरी नाही. वडिलांच्या दर दोन वर्षांनी बदल्या होतात आणि प्रत्येक गावी प्रवेशाचे, गणवेशाचे पैसे नव्याने भरावे लागतात. मुलगी खेळाच्या सरावासाठी दिवसाचे पाच तास तलावात किंवा कोर्टवर असते. आखातात राहणारं मराठी कुटुंब दोन-तीन वर्षांत परतणार आहे आणि मध्ये एनआयओएसचा रस्ता चालणार आहे. अशा घरांना ती फायद्याची पडू शकते. फक्त 'फी झेपत नाही' एवढ्याच कारणाने वळत असाल तर आधी जवळच्या अनुदानित मराठी शाळेत एक चक्कर मारा. आठवीपर्यंत तिथे फीचा प्रश्न जवळजवळ नसतोच, आणि वरच्या तक्त्यातला सगळ्यात स्वस्त रकाना खरं तर तोच झाला असता. सेमी-इंग्रजीची सोयही बऱ्याच ठिकाणी असते.

ठरवलंच असेल तर चालू शाळेचा दाखला लगेच काढू नका. परत नेहमीच्या शाळेत यायची वेळ आली तर नवी शाळा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) असलेला दाखला मागते, आणि तो नुसत्या ऑनलाइन कंपनीकडे नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराची चाचणी तासिका मागा, नाही म्हणाले तर एका सत्राचेच पैसे भरा, आणि फी परतीची अट ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या समुपदेशकाने दिलेला शब्द नंतर कोणी ओळखत नाही.