गिटार-बास सेटअप किट: बासवाल्यांच्या कामाचं त्यात किती?

झिपच्या केसवर ‘गिटार आणि बास’ असं छापलेल्या बहुतेक किटमध्ये थोड्याफार फरकाने तेच सामान असतं: ॲलन की, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा), ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची मोजायची स्टीलची पट्टी, रेडियस गेज (फ्रेटबोर्डची गोलाई मोजायला), खुंट्या फिरवायचा वाइंडर, छोटा कटर, क्लिपवाला ट्यूनर, नटसाठी (खुंट्यांकडची, तारांच्या खाचांची पट्टी) बारीक कानशी. ३४ इंच स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) चार तारी बासचा घरी सेटअप करायचा म्हटलं, तर यातल्या तीनच वस्तू पैसे वसूल करतात. बाकीचं सामान गिटारचं, त्यावर बासचं नाव नुसतं चिकटवलेलं.

सगळ्यात उपयोगी म्हणजे फीलर गेज. बास सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) चढवा आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट मोजायची. ०.३० मिमीची पाती तारेला जेमतेम लागून, पण तार न उचलता सरकली की नेकचा बाक ठीक आहे. पात्यांना गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं. ते आधी पुसा, नाहीतर पॉलिश नसलेल्या फ्रेटबोर्डवर डाग पडतो.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावूनच मोजायचं, कारण तारांचा ताण बदलला की बाकही बदलतो.

ॲलन कीच्या बाबतीत मात्र किट निवडताना चिकित्सा करा. स्वस्त किटमध्ये फक्त मिलिमीटरच्या की असतात. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच बासवर ट्रस रॉडला ३/१६ इंची की लागते, म्हणजे ४.७६ मिमी. त्यात ५ ची की जात नाही आणि ४.५ ची सैल बसते. सैल कीने जोर लावला की रॉडच्या टोकाच्या नटच्या आतले कोपरे गोल होतात, आणि मग दुरुस्ती महागात पडते. सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) बारीक स्क्रूंचंही तसंच: १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी, त्यात १.५ ची की वरवर बसल्यासारखी वाटते, पण फिरवताना घसरते. म्हणून इंच आणि मिलिमीटर दोन्ही जोड असलेलंच किट घ्या. काही बासला ट्रस रॉडच्या टोकाला भोकं असलेलं चाक असतं किंवा बाहेरून बसणारा पाना लागतो. तिथे यातली कोणतीच की चालत नाही.

पट्टी घेताना शून्य अगदी कडेपासून सुरू होतं का ते पाहा, नाहीतर ॲक्शनचं प्रत्येक माप चुकणार. कॅपो पहिल्या फ्रेटवर तसाच ठेवून सतराव्या फ्रेटच्या माथ्यावर पट्टी उभी धरायची. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या फ्रेटबोर्डवर ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिमी, हे सुरुवातीला चांगलं माप. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसतं. यानंतरही खरखर राहिली तर ती कुठे आहे ते ऐका. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बाक कमी पडतोय. बाराव्याच्या पुढे असेल तर बहुधा ॲक्शन फार खाली आलीय. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे, आणि तो या किटने बसत नाही.

रेडियस गेज ई आणि जी लावून झाल्यावर ए आणि डी त्यांच्या कमानीत आणायला बरं. नसलं तरी पट्टीने भागतं.

आता निरुपयोगी सामान. गिटारच्या मापाचा वाइंडर बासच्या रुंद खुंटीवर बसतच नाही. कटर १०५ च्या, म्हणजे ०.१०५ इंच जाड ई तारेला पुरत नाही, त्याच्या धारेचे टवके उडतात. ती तार चांगल्या पक्कडीनेच कापावी, आणि कापण्याआधी काटकोनात वाकवावी. सरळ कापली तर वरचा वेढा सुटतो आणि तार बद्द वाजते. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटीमीटर ठेवली की दोन-तीन वेढे नीट बसतात. कानशींना तर हातही लावू नका. त्यांतली जाडसुद्धा जेमतेम दीड मिमीची, आणि ई तारेची खाच असते २.७ मिमीच्या आसपास. बारीक कानस रुंद खाचेत मधोमध चर पाडते आणि मोकळी तार झणझणायला लागते.

क्लिपवाला ट्यूनर ई तारेच्या ४१.२ हर्ट्झवर अडखळतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) वाजवला की त्याला ८२.४ मिळतात आणि काटा थोडा शांत होतो. इंटोनेशनसाठी, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर यावा यासाठी, मात्र केबलने जोडायचा ट्यूनरच हवा. नव्या तारा सॅडल आणि नटच्या अगदी पुढ्यात अंगठ्याने हलक्या दाबून घ्या, म्हणजे तिथला बाक निघतो. किटबरोबरच्या सूचनापत्रांत हे सहसा नसतं. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकशी ताडून पाहा. चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर नेककडे. सरकवण्याआधी तार सैल करा. तरीही ई तारेचा काटा स्थिर होत नसेल तर पिकअप वर आलेला असण्याची शक्यता आहे: त्याचं चुंबक तारेला ओढतं आणि सूर डोलतो. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून ई तारेखाली सुमारे ३.२ आणि जीखाली २.४ मिमी ठेवा, मग इंटोनेशन पुन्हा तपासा.