रोजनिशी, ठिपक्यांचा तक्ता, निर्णयवही की टीमची बैठक? पहिल्यांदाच माणसं हाताखाली आलेल्यांसाठी

सुपरवायझर झालं, मुख्याध्यापक झालं, शाखेची जबाबदारी आली की कुणीतरी सांगतंच, ‘रोज थोडं स्वतःकडे बघत जा.’ कसं बघायचं ते मात्र कुणी सांगत नाही. मग एक जाड डायरी आणली जाते, आठ-दहा दिवस पानं भरतात आणि पुढची कोरी राहतात. यात आळसाचा भाग असतो, पण आमच्या मते मोठा दोष निवडीचा असतो. दुखणं एक आणि औषध भलतंच, असं झालेलं असतं.

चार पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहू, आणि चारही पद्धतींना एकच प्रसंग देऊ. इंजिनिअरिंगचा कारखाना. सुपरवायझरने नव्या फिक्श्चरचं (मशीनवर नग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं) सेटअप रात्रपाळीच्या ज्युनिअर सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कामगाराकडे दिलं. तीन तासांत होईल असं वाटलेलं काम साडेचार तास चाललं. सकाळी सातला पाळी बदलताना सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर झापलं. सेटर काही बोलला नाही. पण त्यानंतर अडचण आली तरी तो फोन करेनासा झाला. शाळेत किंवा दवाखान्यात तपशील बदलतील, सांगाडा हाच राहील.

रोजनिशी

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात ओळखीची. रोमन विचारवंत सेनेका दिवा मालवल्यावर, बायकोचं बोलणं थांबल्यावर आपल्या दिवसाची उलटतपासणी घ्यायचा. रोज दहा मिनिटं, सहा ते आठ ओळी, झोपायच्या बऱ्याच आधी, एवढं पुरेसं आहे.

रोजनिशी बिघडते ती ‘का’ या शब्दाने. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’, ‘हे लोक ऐकत का नाहीत?’ अशी वाक्यं यायला लागली की लिहिणारा स्वतःचाच वकील होतो, किंवा स्वतःलाच फासावर चढवतो. दोन्हींतून हाती काही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अशा रवंथ करण्यावर अनेक वर्षं काम केलं. उदास मनःस्थिती पुन्हा पुन्हा चघळणाऱ्यांची उदासी जास्त टिकते, हे त्यांच्या अभ्यासातून दिसलं.

हीच नोंद दोन प्रकारे कशी होते ते बघा. पहिली: ‘आज रात्रपाळीने पुन्हा घोळ घातला. माझं कुणी मनावर घेत नाही.’ दुसरी: ‘७ वाजून ५ मिनिटं. लाइनवर सहा जण होते. “तीन तासांचं काम तुला जमत नाही?” असं मी मोठ्याने म्हणालो. त्याने खाली बघितलं. त्याआधी दहा मिनिटं डिस्पॅचचा फोन येऊन गेला होता आणि माझं पित्त खवळलेलंच होतं.’ दुसऱ्या नोंदीत कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच आहे, आणि राग खरा कुठून आला तेही आपोआप उघडं पडलं आहे. डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचा, राग सेटरवर निघाला.

त्याखाली एकच ओळ उद्याची, आणि ती ‘जर-तर’च्या साच्यात. ‘उद्यापासून शांत राहीन’ हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. ‘सातला काम अपुरं दिसलं, तर आधी “कुठे अडलं?” एवढंच विचारेन, बाकीचं केबिनमध्ये’ हा टिकतो, कारण कोणत्या क्षणी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं संशोधन नेमकं याच साच्यावर आहे. मन फारच ढवळलं असेल तर ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घालून, दुसऱ्या कुणाविषयी लिहितोय असं लिहा. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की या अंतरामुळे प्रसंग हाताळणं सोपं जातं.

रोजनिशीने आपल्या प्रसंगातला राग पकडला. तीन तासांचा अंदाज मुळातच चुकला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. सेटर गप्प झाला हेही नाही.

एक फरक ध्यानात ठेवा. फार खोल जखमेसाठी जे लिहिणं असतं ते वेगळं. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात लोकांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं आणि थांबले. ते रोज करायचं काम नाही.

ठिपक्यांचा तक्ता

बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुणांची यादी केली, वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिलं, पानावर वारांचे सात रकाने आखले आणि चूक झाली की काळा ठिपका दिला. एका आठवड्यात एकाच गुणावर जोर. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. जुने ठिपके खरवडून पुसता पुसता वहीला भोकं पडली, तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला, म्हणजे शिसपेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजने पुसता याव्यात. व्यवस्थितपणा या गुणाने त्याला सगळ्यात जास्त छळलं.

आजच्या कामासाठी तेरा नकोत, एकच घ्या. आणि तो मोजता येईल असा घ्या. ‘राग कमी करणे’ मोजता येत नाही. ‘समोरच्याचं वाक्य मध्येच तोडलं’ किंवा ‘चारचौघांत चूक काढली’ हे मोजता येतं. खूण त्याच क्षणी झाली पाहिजे, रात्री आठवून दिलेले ठिपके निम्मे खोटे असतात. जेसुइट या ख्रिस्ती संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात आपल्या साधकांना यासाठीच सांगितलं होतं की चूक घडली त्या क्षणी छातीला हात लावावा, आणि दिवसातून दोनदा हिशोब रेघेवर ठिपक्यांनी मांडावा. कारखान्यात किंवा ऑफिसात उजव्या खिशातलं एक नाणं डाव्या खिशात टाकलं तरी चालतं. संध्याकाळी नाणी मोजायची, दोन मिनिटांचं काम.

इथे हमखास होणारी गडबड अशी की पहिल्या आठवड्यात आकडा वाढतो. लोक घाबरून सोडून देतात. सवय वाढलेली नसते, ती आता दिसायला लागलेली असते. तीन आठवडे तरी आकड्यावरून काही ठरवू नका. दुसरी गडबड म्हणजे नुसत्या चुका मोजणं. वाक्य तोडायच्या ऐवजी काय करायचं, तेही तक्त्याच्या वर लिहून ठेवावं लागतं. उदाहरणार्थ, ‘समोरच्याचं संपल्यावर एक श्वास’.

ज्याला आपली खोड नेमकी माहीत आहे, त्याच्यासाठी याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. ज्याला ती माहीत नाही, त्याच्यासाठी तक्ता निरुपयोगी.

निर्णयवही

आमचं झुकतं माप हिला आहे, म्हणून हिच्यापाशी जरा थांबू.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांचा सल्ला साधा होता: महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघा. कारण असं की निकाल कळला की आपली आठवण बदलते. संशोधक बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले, आणि नंतर त्यांना आपलेच आकडे आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असं त्यांना वाटू लागलं होतं. ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं आठवत असतं. म्हणून रोजनिशी कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी निर्णयाच्या बाबतीत ती फसवते, कारण ती निकालानंतर लिहिली जाते.

पाळीवरचे निर्णय वर्षभर थांबत नाहीत. त्यामुळे मुदत दोन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत, निर्णयाप्रमाणे. आठवड्याला दोन-तीन नोंदी, प्रत्येकी तीन मिनिटं. नोंद अशी दिसते:

‘४ जून, सकाळी ९.४०. निर्णय: नव्या फिक्श्चरचं सेटअप आज रात्री ज्युनिअर सेटरकडे. दुसरे पर्याय: सिनिअरला दोन रात्री बोलावणं, किंवा सोमवारपर्यंत पुढे ढकलणं. अपेक्षा: सेटअप ३ तासांत, पहिल्या ५० नगांत ४ पेक्षा जास्त रिजेक्ट नाहीत. खात्री: १० पैकी ७. मनःस्थिती: घाई, डिस्पॅचचा दबाव. तपासणी: ६ जून.’

सहा जूनला त्याखाली: ‘वेळ साडेचार तास. रिजेक्ट ३. माणसाबद्दलचा अंदाज बरोबर, वेळेचा चूक. संध्याकाळचा हॅन्डओव्हर तोंडी, १० मिनिटांत उरकला. क्लॅम्पिंगचा क्रम कागदावर दिलाच नव्हता.’

हे वाचल्यावर झापण्याचं सगळं प्रकरणच उलटं होतं. सेटरचं काम चांगलं होतं. कमी पडला तो हॅन्डओव्हर, म्हणजे काम सोपवताना दिलेली माहिती, आणि ती सुपरवायझरने दिली होती. हे दुसऱ्या कुठल्याही वहीतून इतक्या स्पष्टपणे आलं नसतं.

बिघाड कुठे होतात? ‘जमून जाईल’ अशी अपेक्षा लिहिली की वही संपली, कारण ती कधीच चुकत नाही. आकडा, तारीख किंवा डोळ्यांनी दिसेल अशी खूण हवीच. तपासणीची तारीख वहीत लिहून भागत नाही, मोबाइलमध्ये रिमाइंडर लावावा लागतो. खात्रीचा आकडा लाजून सोडू नका, पुढे तोच उपयोगी पडतो. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की ज्यांच्यापुढे ७ लिहिलंय त्या सगळ्या काढा. दहातल्या चारच खऱ्या ठरल्या असतील तर आपला आत्मविश्वास आपल्या अंदाजाच्या पुढे धावतोय. मनःस्थितीचा रकानाही तसाच वाचा. ‘घाई’ लिहिलेल्या नोंदींत चुका जास्त सापडल्या, तर कोणत्या वेळी निर्णय घ्यायचा नाही हे कळतं.

आणि निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट, असं लिहू नका. हाती असलेल्या माहितीवर तोच निर्णय पुन्हा घेतला असता का, हा प्रश्न वेगळा आहे.

टीमसोबतचा आढावा

अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकापासून कृतीनंतरच्या आढाव्याची पद्धत बसवली. प्रश्न चार: काय व्हायला हवं होतं? काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय ठेवायचं, काय बदलायचं? पंधरा मिनिटं, काम संपल्यापासून चोवीस तासांच्या आत, आणि निम्मा वेळ शेवटच्या प्रश्नाला.

आपल्याकडे अडतं ते ‘साहेबांसमोर कोण बोलणार’ इथे. म्हणून पहिल्या तीन-चार वेळा प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, एका ओळीत उत्तर मागा, चिठ्ठ्या एकत्र करून वाचा. सुरुवातीला प्रमुखाने स्वतःची एक ठोस चूक एका वाक्यात सांगावी (‘क्लॅम्पिंगचा क्रम मी कागदावर दिला नाही’), पण आपलं मत सगळ्यांत शेवटी. मत आधी सांगितलं की बाकीचे माना डोलावतात. आणि इथे बोललेलं अप्रेझलमध्ये एकदा जरी वापरलं, तर त्यानंतर कुणी तोंड उघडणार नाही.

‘रात्री दोनला फोन करावा की नाही, कळेना’ हे वाक्य फक्त इथेच बाहेर येतं. उरलेल्या तिन्ही वह्यांत सेटरचा आवाजच नाही, आणि ही त्यांची मोठी उणीव आहे. उलट बाजूने, स्वतःच्या रागाशी झगडणाऱ्याने थेट या बैठकीपासून सुरुवात करू नये. एक तिखट चिठ्ठी निघाली आणि तो तिथेच फुटला, तर वर्षभराचं नुकसान होतं.

मग घ्यायचं काय?

रोज माणसं आणि कामं नेमून द्यावी लागतात, त्याने निर्णयवही घ्यावी आणि सहा आठवडे दुसरं काही जोडू नये. मग आठवड्यातून एक पंधरा मिनिटांचा आढावा. एकच खोड सगळ्यांना माहीत आहे आणि घरचेही तेच सांगतात, तर आधी तक्ता, तीन आठवडे. रात्री प्रसंग डोक्यात फिरत राहतात, त्याच्यासाठी रोजनिशी, पण ‘का’ला बंदी. चारही एकदम सुरू करणाऱ्याच्या हाती महिन्याअखेर एकही उरत नाही.

दिवस चुकला तर भरपाईची दुप्पट पानं लिहू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली सवयी कशा लागतात ते मोजलं. साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि मधला एखादा दिवस सुटल्याने फारसं बिघडलं नाही.

वही कागदाची असावी आणि घरी किंवा स्वतःच्या बॅगेत राहावी. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या ईमेलमध्ये हे लिहू नका. माणसांची पूर्ण नावंही नकोत, आद्याक्षर पुरे, कारण वही चुकून कुणाच्या हाती पडली तर त्रास त्या माणसाला होतो. आणि दोन आठवडे झोप उडाली असेल, लिहून उलट जास्तच जड वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.