क्लासिक स्पोर्ट्स कार इलेक्ट्रिक करून घेताना माझी झालेली फसवणूक

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन काढून तिथे इलेक्ट्रिक मोटर बसवून देणारी वर्कशॉप्स आता बरीच झाली आहेत. त्यांतली काही जीव ओतून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी गाडी ज्यांच्या हाती पडली ते मात्र गोडीगुलाबीने बोलून केसाने गळा कापणारे निघाले. प्रकरण तक्रारीत आहे, म्हणून नाव देत नाही. पण त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण या कामात लबाडी जिथे होते ती जागा गाडीच्या मालकाला कधी दिसतच नाही.

गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. इंजिनाचा नंबर १८जीबीने सुरू होणारा, म्हणजे पाच बेअरिंगवर फिरणारा क्रँक असलेलं इंजिन, जे एमजीबीत १९६४च्या ऑक्टोबरपासून आलं. गाडीच्या कागदांवरही तोच नंबर. जुन्या गाड्यांच्या जगात याला मॅचिंग नंबर्स म्हणतात आणि गाडीची किंमत बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

जग्वारच्या क्लासिक विभागाने २०१७मध्ये ४० किलोवॅट-तासाच्या बॅटरीची ई-टाइप झीरो दाखवली आणि मे २०१८मध्ये प्रिन्स हॅरीच्या लग्नात तशी इलेक्ट्रिक ई-टाइप सगळ्या जगाने पाहिली. तेव्हापासून या कामाला प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठा आली की मागणी येते आणि मागणीच्या मागोमाग लुटारू. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा अशा बदललेल्या गाडीला ऐतिहासिक गाडी मानत नाही. तरीही कुणी करणारच असेल तर बदल पुन्हा उलटवता येण्यासारखा असावा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपून ठेवावेत, असं तिने स्पष्ट सांगितलं आहे. मला हे पूर्ण पटतं, म्हणूनच करारात तशी ओळ घालून घेतली होती: इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर आणि रेडिएटर मालकाचे, काम संपल्यावर परत. करारात आणखी होतं ते असं: नव्या सेलचा ३० किलोवॅट-तासाचा पॅक, एका चार्जमध्ये २०० किलोमीटर, आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे होते. इंजिन निघालं की एक हप्ता, मोटर बसली की दुसरा, बॅटरी बसली की तिसरा. प्रत्येक टप्प्याचा पुरावा म्हणून फोटो यायचे. मोटर बसल्याचा जो फोटो आला त्यात स्टीअरिंगचा दांडा बोनेटखाली भलत्याच बाजूला होता. माझी गाडी उजव्या हाताची, फोटोतली डाव्या हाताची. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, फोटो मोबाइलमध्ये उलटा सेव्ह झाला." फोटो उलटा असता तर मोटरवरच्या लेबलची अक्षरंही उलटी दिसली असती. ती सरळ वाचता येत होती. तो फोटो मी आजही जपून ठेवला आहे आणि तक्रारीला तोच पहिला कागद जोडला आहे. त्यानंतर प्रत्यक्ष येऊन गाडी पाहायची म्हटलं की हाय व्होल्टेजचं काम चालू आहे, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही, हे ठरलेलं कारण. सुरक्षेचं कारण पुढे केलं की कुणालाही वाद घालता येत नाही.

गाडी हातात आली तेव्हा दिसायला सुंदर होती. डिकीत पावडर कोटिंग केलेली काळी पेटी, बाहेर नारिंगी केबल, डॅशबोर्डवर छोटा गोल मीटर. पेटीचं झाकण रिव्हेट मारून बंद आणि वर स्टिकर: उघडल्यास वॉरंटी रद्द.

मीटर १०० टक्के दाखवायचा. चालवत गेलं की आकडा हळूहळू, अगदी समाधान वाटावं असा उतरायचा. पण ५५च्या आसपास आला की गाडीतली ताकदच जायची. पाय दाबला तरी रांगत चालायची. वर्कशॉपवाले म्हणाले, नवा पॅक आहे, सेट व्हायला वेळ लागतो. हे धादांत खोटं आहे आणि ते बिनदिक्कत सांगितलं जातं. लिथियम-आयन पॅक नवा असताना पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमता देतो, पुढे ती कमीच होत जाते.

खरी गोष्ट विजेच्या मीटरने सांगितली. चार्जरच्या आधी युनिट मोजणारं साधं मीटर लावलं आणि गाडी रांगायला लागेपर्यंत रिकामी करून पूर्ण चार्ज केली. भिंतीतून गेली साडेचौदा युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. चार्जरमध्ये साधारण दहा टक्के वाया जातात असं धरलं तर बॅटरीत पोचले तेरा. ३० कुठे आणि १३ कुठे! डॅशबोर्डवरच्या मीटरचं गौडबंगालही इथेच उलगडतं. त्याला पॅक ३० किलोवॅट-तासाचा आहे असं शिकवून ठेवलेलं होतं आणि तो वापरलेली वीज त्यातून वजा करत बसायचा. तेरा वजा झाले की मीटरच्या हिशेबात अजून सतरा शिल्लक, म्हणजे ५५-५७ टक्के. प्रत्यक्षात बॅटरी तळाला गेलेली. आकड्यांची अशी धूळफेक डोळ्यांना कळत नाही, भिंतीतल्या युनिटांना कळते. अशी हलकी गाडी किलोमीटरला अंदाजे १५० वॅट-तास खाते, त्या हिशेबाने तेरा किलोवॅट-तासात नव्वदच्या आतबाहेर. दोनशेचा प्रश्नच येत नाही.

यानंतर इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करणाऱ्या एका स्वतंत्र तंत्रज्ञांना गाडी दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बॅटरीबद्दल नव्हताच. "या वर्षाच्या एमजीबीत बॉडीला धन टोक असतं. यांनी अर्थिंग बदलून घेतलं का?" मूळ वर्कशॉपने हा प्रश्न कधीच काढला नव्हता. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांच्या उलट. मोठ्या पॅकमधून दिवे आणि हॉर्नसाठी १२ व्होल्ट बनवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवायचा तर आधी हे बदलावं लागतं, कारण बहुतेक कन्व्हर्टरचं ऋण टोक आणि त्याची पेटी एकच असतात. बदलायचं तर बॉडीला ऋण टोक देऊन जुनी उपकरणं त्याप्रमाणे जुळवून घ्यावी लागतात. कष्टाचं काम आहे. यांनी काय केलं होतं? कन्व्हर्टर बॉडीला टेकू नये म्हणून त्याच्याखाली प्लायवुडचा तुकडा ठेवून तो प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळला होता. एक पट्टी सैल झाली, पेटी पत्र्याला टेकली, की शॉर्ट सर्किट.

मग रिव्हेट कापून पेटी उघडली. आत ॲल्युमिनियमच्या आवरणातली चपटी मॉड्यूल्स, म्हणजे सेलचे छोटे गट, एकमेकांवर दाबून बसवलेली. तंत्रज्ञांनी ती ओळखली: पहिल्या पिढीच्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीतली. लीफच्या २४ किलोवॅट-तासाच्या पॅकमध्ये अशी ४८ मॉड्यूल्स असतात, म्हणजे नवं असताना एकात अर्धा किलोवॅट-तास. माझ्या पेटीत ४० होती. नवीकोरी असती तरी २० भरली असती, आणि ३० भरायला साठ लागली असती, जी त्या पेटीत मावणारच नव्हती. वर नवे छापील स्टिकर लावलेले, पण टोकांच्या स्क्रूंवर पाना घसरल्याच्या जुन्या खुणा स्पष्ट. एका स्टिकरखाली मार्करने लिहिलेला आधीच्या कुणाचा तरी अनुक्रमांक निघाला.

इथे एक सांगितलं पाहिजे. लीफची वापरलेली मॉड्यूल्स वापरणं हा गुन्हा नाही. कितीतरी हौशी लोक ती तपासून, जुळवून, उघडपणे वापरतात आणि त्यांच्या गाड्या छान चालतात. जुना माल नवा म्हणून विकणं ही चोरी आहे, आणि तपासल्याशिवाय विकणं हा जिवाशी खेळ आहे.

जिवाशी खेळ म्हणते ते बीएमएसमुळे. या मॉड्यूलला तीन टोकं असतात, आणि प्रत्येक सेलजोडीचा व्होल्टेज कळायचा तर मधल्या टोकालाही बारीक वायर जावी लागते. बीएमएसचं सर्किट पेटीत होतं, त्याचा हिरवा दिवाही लुकलुकत होता. पण पेटीच्या मागच्या अर्ध्या भागाकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा कापून, चिकटपट्टी गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेला होता. अर्ध्या पॅकवर कुणाचंही लक्ष नव्हतं. चार्जर पॅकचा एकूण व्होल्टेज पाहून थांबायचा. एकूण बरोबर असला तरी कमकुवत सेल ४.२ व्होल्टच्या वर ढकलली जाऊ शकते, आणि आगीला तेवढं पुरतं. गाडी रात्रभर चार्जिंगला लागायची, घराला लागून.

नारिंगी केबल पत्र्याच्या भोकातून रबरी बुशाशिवाय नेलेली होती आणि कडेवर घासून तिचं आवरण सोललं होतं. इन्सुलेशनच्या चाचणीत रेझिस्टन्स जेमतेम १२ हजार ओहम आला. संयुक्त राष्ट्रांच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेसाठीच्या आर१०० नियमात डीसी सर्किटसाठी व्होल्टमागे किमान १०० ओहम हवेत. माझ्या तीनशे व्होल्टच्या पॅकला तीस हजार तरी हवे होते. तंत्रज्ञांनी तिथल्या तिथे सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे पॅकचा प्रवाह तोडणारा प्लग, काढून घेतला आणि गाडी हलवायची नाही म्हणून बजावलं.

इंजिन परत मागितल्यावर आधी टोलवाटोलवी, मग एक दिवस लाकडी पॅलेटवर ताज्या रंगातलं इंजिन आलं. ब्लॉकवरची नंबरची पट्टी १८व्हीने सुरू होणारी. ही मालिका १९७०च्या दशकातली, १९६६च्या गाडीत ती असूच शकत नाही. कार्ब्युरेटर आलेच नाहीत. "नंबरांचा घोळ कारखान्यातच असेल" हे त्यांचं उत्तर. सुदैवाने माझ्याकडे गाडी देण्याआधीचे पट्टीचे जवळून काढलेले फोटो होते, रिव्हेटांसकट. ज्यांची गाडी आज कुणाच्या वर्कशॉपमध्ये उघडी पडलेली आहे त्यांनी इंजिन आजच घरी आणावं. कामाला त्याची गरज नसते. गरज असते ती मोटरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटच्या मापांची, आणि ती मापं घेतली की संपलं.

बॅटरीच्या हप्त्याबद्दलही सांगते. पेटी रिव्हेट करण्याआधी मॉड्यूल्स मोजू द्या, प्रत्येक सेलजोडीचा व्होल्टेज बीएमएसच्या स्क्रीनवर दाखवा, आणि भिंतीतल्या मीटरवर एक पूर्ण चार्ज करून दाखवा, असं करारात लिहून मागावं. प्रामाणिक माणूस हे आनंदाने करतो. मी नंतर ज्यांना भेटले त्या चांगल्या वर्कशॉपवाल्यांनी न मागता सेलच्या तपासणीचे कागद समोर ठेवले.

तक्रार दाखल झाल्यावर मूळ वर्कशॉपचा सूर एकदम बदलला. गाडी परत पाठवा, सगळं फुकट नीट करून देतो, फक्त काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही करा. सही केली नाही, गाडीही दिली नाही. कापलेल्या वायरी, प्लायवुडचा तुकडा, स्टिकरखालचा आकडा हे सगळं गाडीतच आहे, आणि गाडी त्यांच्या दारात गेली की त्यातलं काही उरणार नाही. तंत्रज्ञांच्या अहवालाची एक प्रत तक्रारीला जोडली आहे, दुसरी विमा कंपनीकडे दिली आहे, कारण विम्याच्या कागदावर अजूनही ३० किलोवॅट-तासाचा नवा पॅक लिहिलेला आहे आणि तो खोडून घेणं भाग होतं.