पोराला बेसबॉलला घातलं, त्याला आठ महिने झाले

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात धाकट्याला बेसबॉलच्या बॅचला घातलं. वय दहा, डावखुरा. घरात सगळे हसले. कोल्हापुरात पोरं तालमीत जातात, नाहीतर फुटबॉलला. माझा भाऊ तर अजून फोनवर विचारतो, "काय गं ताई, कुठवर आलं तुझं अमेरिकन विटीदांडू?"

घालण्याचं कारण साधं होतं. गल्लीतल्या क्रिकेटात हा दोन वर्षं नुसते गटारातले बॉल काढत होता. बॅट ज्याची, त्याची बॅटिंग आधी. याचा नंबर येईपर्यंत अंधार, आणि आला तर पहिल्याच बॉलला आऊट. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम आधी लिहिलेला असतो. बाकीचे आठ खेळून झाल्याशिवाय पहिल्याला पुन्हा बॅट मिळत नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. पहिल्या सराव मॅचला आमचा नववा होता. सहा इनिंगमध्ये तीनदा बॅट हातात आली. घरी येताना गाडीवर मागे बसून तेवढंच सांगत होता, "मम्मी, तीनदा!" एकदाही बॅटला बॉल लागला नव्हता, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

क्रिकेटच्या सवयी मोडायला मात्र वेळ लागला. बॉल मागे ढकलला की तो फाउल, म्हणजे त्यावर पळता येत नाही, त्यामुळे लेग ग्लान्सवाल्यांची पंचाईत. बॉल मारला की बॅट टाकून पळायचं असतं, पण पहिल्यांदा बॅटला बॉल लागला तेव्हा आमचा ती हातात घेऊनच पळत सुटला. सासरे मैदानाच्या कडेला उभे होते. बाकीची पोरं "टाक, टाक" ओरडताहेत आणि हे ओरडताहेत, "टाकू नको रं, मोडंल ती!" आता त्यांनाच सगळे नियम पाठ आहेत.

मला सगळ्यात जास्त फरक दिसला तो बॉल सोडण्यात. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटवाल्याच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठरलेल्या पट्ट्याच्या, बाहेरचे चार बॉल बॅट न फिरवता सोडले, की पहिला बेस, म्हणजे पळून गाठायचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. आमच्याकडे दिसेल त्याला हाणायची घाई. फेब्रुवारीत एकदा तो चारही बॉलना नुसता बघत उभा राहिला, ओठ दाताखाली धरून, आणि मग बॅट खाली ठेवून आरामात पहिल्या बेसवर चालत गेला. गणिताच्या पेपरात असा थांबेल तेव्हा खरं.

आता तक्रारी. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, कारण डाव्या हाताने फेकायचं असतं. बॅचकडे आठ ग्लोव्ह, आठही उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे. दीड महिना हा डाव्या हाताने बॉल पकडायचा, ग्लोव्ह काखेत धरून काढायचा, मग फेकायचा. तोवर पळणारा बेसवर पोहोचून धूळ झटकत असायचा. शेवटी ऑनलाइन मागवला, बावीसशेला. चामडं इतकं कडक की बोटं मिटेनात. चप्पल लाईनीतल्या एका काकांकडे नेला. त्यांनी उलटापालटा करून बघितला, तेलाचा हात दिला आणि आत बॉल घालून दोरीने बांधून ठेवायला सांगितलं. आठवड्यात मऊ झाला. मे महिन्यात ग्लोव्हच्या जाळीची वादी तुटली, तीही त्यांनीच चपलेची वादी घालून ओवून दिली. मूळच्यापेक्षा भक्कम आहे.

दुसरी तक्रार जरा गंभीर. जानेवारीत याला पिचिंगला, म्हणजे बॅटवाल्याला बॉल फेकायला, लावलं आणि कोपर दुखायला लागलं. किती बॉल फेकले हे कुणीच मोजत नव्हतं. या वयात हाडांच्या टोकाची वाढीची जागा अजून कच्ची असते. तेच तेच फेकून तिथेच इजा होते. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त 75 पिच, म्हणजे तेवढेच बॉल, टाकू देतात, आणि तितके टाकले तर पुढे चार दिवस सुट्टी. हे मी सरांना दाखवलं. आधी थोडं तोंड वाकडं झालं, पण आता वही असते आणि एक मुलगी रेघा ओढत बसते. त्यांनी ऐकलं, म्हणून आम्ही टिकलो.

तिसरी पावसाची. जूनपासून मैदानाचा चिखल, बॅच बंद, फी मात्र चालू. महिना नऊशे. निदान पावसाळ्यात अर्धी घ्यावी असं आम्ही चार-पाच पालकांनी सांगितलंय, उत्तर नाही. हेल्मेटही दोनच आहेत, आणि मॅचेस आपापसातच. बाहेरची टीम आठ महिन्यांत एकदाच आली.

तरी ऑगस्टपासून पुन्हा घालणार आहे. तुम्ही घालणार असाल तर आधी मैदानावर जाऊन तासभर बसा, पिच मोजतात का ते बघा, आणि पोर डावखुरं असेल तर ग्लोव्ह पहिल्याच दिवशी मागवा. चामडं मऊ करायचं असेल तर काकांचं दुकान दाखवते.