‘मायक्रोकंट्रोलर आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तेथील सूत गुंडाळण्याच्या यंत्रावरील २४ व्होल्टच्या डीसी मोटरीसाठी आम्ही एका विक्रेत्याकडून ‘मायक्रोकंट्रोलरवर चालणारा’, म्हणजे प्रोग्रॅम भरलेल्या छोट्या चिपने मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर घेतला. माहितीपत्रकात ऑप्टोकपलर (चिप आणि मोटरीचे सर्किट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा भाग), गेट ड्रायव्हर (मोटरीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला पुरेसा व्होल्टेज देणारा भाग) आणि फ्यूज असल्याचे ठळक छापले होते. प्रात्यक्षिक मात्र बिनभाराच्या चिमुकल्या मोटरीवर झाले, आणि तशा मोटरीवर कोणतेही सर्किट गुणी बाळासारखे वागते.

यंत्रावर बसवल्यावर, वेगाचा नॉब शून्यावर असतानाही स्विच चालू करताच रीळ हिसका देऊन फिरे आणि सूत तुटे. त्या क्षणी कामगाराचे बोट तेथे नसे, एवढेच नशीब. भार वाढला की मोटर मध्येच थांबून पुन्हा सुरू होई. शेवटी मॉस्फेट, म्हणजे मोटरीचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जळून शॉर्ट झाला आणि मोटर नॉबला न जुमानता पूर्ण वेगाने धावू लागली. विक्रेत्याने ‘तुमच्याकडची लाईटच खराब’ असे सांगून वॉरंटी झटकली.

नवी पेठेतील एका कारागिराने आतला काळा एपॉक्सीचा थर खरवडला, तेव्हा खरा प्रकार कळला. मायक्रोकंट्रोलर अस्सल होता, पण त्याची ५ व्होल्टची पिन थेट आयआरएफ ५४० मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) जोडलेली होती. हा मॉस्फेट पूर्ण चालू होण्यासाठी गेटवर सुमारे १० व्होल्ट लागतात; ५ व्होल्टवर तो अर्धवट चालू राहून तापतो. गेट आणि ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची सामायिक जोडणी) यांच्यामध्ये १० किलोओमचा साधा रेझिस्टरही नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊन पिन ताब्यात घेईपर्यंत गेट अधांतरी राही आणि तो हिसका बसे. मोटरीला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसल्याने प्रवाह तुटताना उसळणारा व्होल्टेज मॉस्फेटवरच आदळत होता. मोटरीचा आणि चिपचा ग्राउंड एकाच बारीक ट्रॅकवरून नेल्यामुळे चिप वारंवार रीसेट होत होती. ऑप्टोकपलर, ड्रायव्हर, फ्यूज यांपैकी काहीही नव्हते. रेझिस्टर आणि डायोड तर चहाच्या खर्चात येतात, म्हणून याला मी काटकसर म्हणत नाही.

कंट्रोलर घेताना तो आपल्याच मोटरीवर, पूर्ण भारासह अर्धा तास चालवून पाहावा, वीज अनेकदा बंद-चालू करावी आणि एपॉक्सीने बुजवलेला बोर्ड नाकारावा. माहितीपत्रकातील भाग बिलावर लिहून घ्यावेत. ‘धंद्याच्या मालाला ग्राहक कायदा लागू नाही’ असे आम्हाला ऐकवण्यात आले. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळलेली नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.