ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला ओपन इनटेक: घोडं अडतं ते बीडिंगवर

ओपन इनटेक म्हणजे कंपनीच्या बंद एअर बॉक्सच्या जागी बसणारा उघडा फिल्टर आणि त्याला इंजिनच्या उष्णतेपासून आडोसा देणारा पत्रा, म्हणजे शील्ड. किट तीस हजारांच्या घरातलं, पण ते चांगलं की वाईट हे ठरतं शील्डच्या वरच्या कडेला लावलेल्या सव्वा मीटर रबरी बीडिंगवर. एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर आधी हेच सांगायला हवं. फिल्टरचं कापड, पाइपचा व्यास, शील्डची पावडर कोटिंग यांवर सगळे बोलतात. बीडिंगबद्दल कोणी बोलत नाही, आणि या किटमध्ये पहिल्यांदा जातं ते तेच.

गाडी तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवलेली. १७९८ सीसीचं ईए८८८ इंजिन, १८० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क, कोरड्या क्लचचा ७ गियरचा डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कंपनीचाच; त्याचं प्रोग्रॅमिंग बदललेलं (रीमॅप) नाही. किटमध्ये तेल लावलेला सुती कोन फिल्टर, ॲल्युमिनियमची शील्ड, सिलिकॉनचा पाइप आणि क्लॅम्प. ग्रिलमागून हवा घेणारा कंपनीचा स्नॉर्कल तसाच राहतो आणि शील्डच्या पुढच्या तोंडात बसतो.

ताकदीचं आधी उरकून टाकतो. रीमॅपशिवाय काही मिळत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. हा ईसीयू टॉर्कचं लक्ष्य ठरवतो आणि ते गाठेपर्यंत वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, उघडझाप करतो. फिल्टर मोकळा केला की टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, तेवढाच दाब द्यायला थोडे कमी कष्ट पडतात, पण लक्ष्य वाढत नाही. त्यातून आपल्याकडच्या गाडीतला डीएसजी, डीक्यू२०० नावाचा गिअरबॉक्स, २५० एनएमसाठीच बनवलेला आहे. याच इंजिनाला परदेशातल्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑक्टाव्हियात वेगळ्या डीएसजीबरोबर २८० एनएम दिले होते. म्हणजे इंजिन हवेसाठी तडफडत नव्हतं, त्याला मुद्दाम आवरलेलं आहे. १२५० ते ५००० आरपीएमपर्यंत टॉर्कची रेषा सपाट आहे आणि इनटेक बदलूनही ती सपाटच राहते. ५००० च्या पुढे गाडी जरा मोकळी वाटते खरी, पण त्यात आवाजाचा वाटा किती आणि हवेचा किती हे सीटवर बसून कळत नाही.

मायलेजचंही तेच. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असताना हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची झडप करत असते. तिच्या आधीचा फिल्टर कितीही मोकळा असला तरी झडप तेवढीच बंद राहते. विक्रेते लिटरमागे एक-दीड किलोमीटर वाढेल म्हणून सांगतात, ते अजिबात मानू नका.

बसवणं मात्र खरोखर घरी करण्यासारखं आहे. टी२५ आणि टी३० चे टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचे) ड्रायव्हर, ७ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि लांब नाकाची पक्कड एवढं पुरतं. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन तास धरावेत. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण हात टर्बोजवळ जातो.

स्नॉर्कलचे पुढच्या पट्टीवरचे दोन टी२५ स्क्रू काढा, तो वर उचलून ओढला की सुटतो. मग टर्बोकडे जाणाऱ्या पाइपचा क्लॅम्प सैल करा. एअर बॉक्सच्या अंगाला पाइप आणि वायरिंग क्लिपांनी धरलेलं असतं. त्या क्लिपा ओढून तोडू नका, पकडीने दाबून सोडवा, जुन्या प्लास्टिकला उष्णतेने ठिसूळपणा आलेला असतो. बॉक्स खाली रबरी ग्रोमेटमध्ये (भोकाच्या रबरी कडीत) बसलेला असतो, सरळ वर उचलायचा. तिरका ओढला तर ग्रोमेट निघून खाली पडतं आणि इंजिनखालच्या गार्डवरून शोधत बसावं लागतं. बॉक्स निघताक्षणी टर्बोच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तिथे पडलेला एखादा स्क्रू सगळ्या किटपेक्षा महाग पडेल, टर्बोतलं हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं.

शील्ड त्याच ग्रोमेटवर बसवा, पण स्क्रू लगेच आवळू नका. आधी पाइप जोडा, फिल्टर लावा, बॉनेट हळूच टेकवून बघा, मग आवळा. उलट क्रमाने केलंत तर शील्ड तीन-चार मिलिमीटर तिरकी राहते, आणि त्याचा त्रास पुढे बीडिंगला होतो. सिलिकॉन पाइप आत जात नसेल तर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. ग्रीस लावू नका, पाइप नंतर सरकतो. क्लॅम्प पाइपच्या कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवा आणि पाइप फुगेपर्यंत पिळायचा नाही. फार आवळला तर सिलिकॉन क्लॅम्पच्या खाचांतून बाहेर येऊन कापलं जातं. थोडं चालवून इंजिन पुन्हा थंड झालं की एकदा परत आवळायचं, ते विसरू नका.

टर्बोच्या आधीची गळती कोणत्या गाडीत काय करते, यावर बराच घोळ घातला जातो. आपल्याकडच्या या इंजिनाला हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर नाही, ते मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातल्या, दाबावर आणि तापमानावर चालतं. त्यामुळे पाइप थोडा सैल राहिला तरी इंजिनचा दिवा लागत नाही. एमएएफ असलेल्या गाडीत तीच सैल जोडणी हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ करते आणि पी०१७१ हा बिघाडाचा कोड टाकते, त्यामुळे मालक निदान सावध तरी होतो. इथे सावध करणारं काही नाही. न गाळलेली धूळ थेट कॉम्प्रेसरवर जात राहते. म्हणून फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये दर महिन्याला पांढरं फडकं फिरवून बघायला हवं. पिवळसर पावडरीचा थर दिसला तर फिल्टरची मान नीट बसलेली नाही असं समजा.

आता बीडिंग. शील्डचं काम एकच आहे: इंजिनच्या बाजूची गरम हवा फिल्टरपासून लांब ठेवायची. शील्डला वरून झाकण नाही, झाकणाचं काम बंद बॉनेट करतं. म्हणजे शील्डची कड आणि बॉनेट यांच्यातली फट बुजली तरच ती पेटी, नाहीतर नुसता उभा पत्रा. आणि बॉनेटची खालची बाजू सपाट नसते. तिथे पत्र्याच्या फासळ्या आहेत, मधे उष्णतारोधक कापड आहे. फट कुठे ४ मिलिमीटर, कुठे ११.

किटबरोबर आलेलं बीडिंग सगळीकडे एकाच जाडीचं, मऊ, आणि मागून गोंदाची पट्टी लावलेलं होतं. एप्रिलच्या उन्हात गोंद सुटायला लागला, मे महिन्यात टर्बोच्या बाजूच्या कोपऱ्यात बीडिंग कडक होऊन आक्रसलं आणि बोट जाईल एवढी फट पडली. स्वस्त पीव्हीसीचं ते असंच होतं, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे त्याचा आकार टिकत नाही. टर्बोजवळच्या कोपऱ्यात तेवढं तापमान रोजचं आहे.

हे ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या निदान सॉकेटला जोडलेल्या स्कॅनरवर, दिसत नाही, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. या गाडीत ओबीडीवर दिसणारं इनटेकचं तापमान इंटरकूलरमधून (टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) बाहेर पडलेल्या हवेचं असतं, फिल्टरपाशी काय चाललंय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी फिश टँकला लावतात तसला वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक फिल्टरच्या शेजारी केबल टायने बांधा, वायर दाराच्या रबरातून आत आणा. बाहेर ३५ अंश असताना सिग्नलला गाडी उभी राहिली की सुटलेल्या बीडिंगसह फिल्टरजवळ ५५ च्या पुढे आकडा जातो. हायवेला ८० च्या वेगाने तोच आकडा बाहेरच्या तापमानाच्या चार-पाच अंश वर येऊन थांबतो. म्हणजे हा सगळा त्रास शहरातला आहे.

त्या २० अंशांची किंमत किती? ३५ अंशांची हवा टर्बोत गेली, दाब १.८ पट झाला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडताना ११५ अंशांची असते. ५५ अंशांची हवा गेली तर १४०. इंटरकूलर ७५ टक्के परिणामकारक धरला तर मॅनिफोल्डपाशी त्यातला ६ अंशांचाच फरक उरतो. म्हणूनच टर्बो गाड्यांचे मालक म्हणतात की काही फरक पडत नाही. पण हवा ६ टक्के विरळ झालेली असते आणि तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. शिवाय तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलरवरही वारा नसतो, तेव्हा हा हिशेब आणखी बिघडतो. कंपनीच्या बंद प्लास्टिकच्या बॉक्सला यातलं फारसं काही होत नाही.

विक्रेत्याला बीडिंग सुटं मागितलं तर उत्तर आलं की सुटं मिळत नाही, शील्ड पूर्ण घ्या. शील्डची किंमत किटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. एवढ्या महागड्या किटमध्ये हमखास झिजणारा भाग सुटा न देणं हे मला अजिबात पटत नाही, आणि या परीक्षणात गुण सगळ्यात जास्त कापले गेलेत ते इथेच.

इलाज पुण्याच्या नाना पेठेत शंभर-दीडशे रुपये मीटरने मिळतो. दाराच्या कडेला लावतात तसलं यू आकाराचं बीडिंग मागा, आत पत्र्याच्या पाती असलेलं, म्हणजे ते कडेला स्वतःच्या पकडीने बसतं आणि गोंद लागत नाही. वर पोकळ बल्ब हवा. रबर ईपीडीएम हवं, ते १२० अंशांच्या आसपासची उष्णता सोसतं. दुकानदाराला ईपीडीएम कळलं नाही तर नखाने दाबून बघा: खूण लगेच भरून आली तर ठीक, तशीच राहिली तर पीव्हीसीचा संशय घ्या. बल्बचा व्यास सर्वांत मोठ्या फटीपेक्षा पाव-एक हिस्सा जास्त, म्हणजे ११ मिलिमीटरच्या फटीला १४ चा. जिथे फट ४ आहे तिथे तोच बल्ब बॉनेट वर उचलून धरतो आणि लॉक नीट लागत नाही, म्हणून त्या भागात लहान बल्बचा तुकडा वेगळा लावा. जोड टर्बोच्या बाजूला येऊ देऊ नका, पुढे स्नॉर्कलकडे ठेवा.

बसवल्यावर बीडिंगवर टाल्कम पावडर चोळा, बॉनेट बंद करा, उघडा. बॉनेटच्या खाली पांढरी रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे गळती. मग त्या जागी वर्तमानपत्राची पट्टी धरून बॉनेट लावा आणि ओढून बघा, ती अडकत अडकत यायला हवी. एवढं केल्यावर त्याच सिग्नलवर, तेवढ्याच उन्हात आकडा ४५ च्या आसपास राहतो.

इथे माझं मत बदललं. मे महिन्यात किट काढून कंपनीचा बॉक्स परत लावायचं जवळपास ठरलं होतं. नव्या बीडिंगनंतर किट राहू द्यावंसं वाटलं, कारण उष्णता आटोक्यात आल्यावर उरतो तो आवाज, आणि आवाज खरंच सुंदर आहे. २००० आरपीएमला टर्बो हवा ओढायला लागतो तेव्हाची बारीक शीळ, पाय उचलल्यावर जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा सुस्कारा, हे सगळं कंपनीचा बॉक्स गिळून टाकतो. घाटात खिडकी अर्धी उघडी ठेवून चालवलं की पैसे कुठे गेले ते कळतं. लांबच्या प्रवासात एकसुरी घूं घूं नाही, हेही चांगलं.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. हे किट स्नॉर्कल वर ग्रिलमागेच ठेवतं म्हणून चालतं. फिल्टर बंपरमध्ये किंवा चाकाच्या कमानीत खाली नेणारी किट मुंबई-कोकणात घेऊ नका, कितीही थंड हवा मिळो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.६ ला १ आहे, म्हणजे पिस्टन वर येताना जागा ९.६ पट आकसते. एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ५२ घन सेंटिमीटर. एवढं पाणी, कटिंग चहाच्या ग्लासापेक्षाही कमी, आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. मुसळधार पावसात स्नॉर्कलमधून तुषार येतात आणि फिल्टरचा पुढचा भाग ओलसर होतो. कंपनीच्या बॉक्सला तळाशी निचऱ्याची सोय होती, या शील्डला नाही. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडा, शील्ड गाडीतून काढून, आणि कडेला रंग लावा.

फिल्टर धुताना पाणी आतून बाहेर, कमी दाबाने. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापडाचे धागे फाकतात आणि ती जागा कायमची धूळ सोडते. सावलीत पूर्ण सुकू द्या, दमट दिवसांत त्याला अख्खी रात्र लागते. तेल प्रत्येक घडीवर एकदाच, वीस मिनिटांनी फिकट राहिलेल्या जागांवर पुन्हा. जास्त तेल ओतलं तर ते पाइपमधून पुढे जातं, आणि एमएएफ असलेल्या गाडीत सेन्सरच्या तारेवर बसतं. गावाकडच्या मातीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला हा फिल्टर लावूच नये, तिथे कागदीच बरा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी चालू असेल तर टर्बोच्या दाव्याच्या वेळी हे किट अडचणीत आणेल.

पैशांकडे बघितलं तर या किटच्या किमतीत कंपनीचे कागदी फिल्टर वीस तरी येतात, म्हणजे गाडीचं उरलेलं सगळं आयुष्य. रीमॅप करणार नसाल आणि आवाजाचं वेड नसेल तर घेऊ नका. वेड असेल तर किटबरोबरच दीड मीटर ईपीडीएम बीडिंग आणा आणि आलेलं बीडिंग पहिल्याच दिवशी काढून टाका. मूळ बॉक्स, दोन्ही स्क्रू आणि ग्रोमेट एका पिशवीत जपून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तो बॉक्स मागतोच, आणि नवा घ्यायचा तर किंमत ऐकून धक्का बसतो.